सांडपाण्यातलं तेल आणि ते मोजताना मध्ये येणारी रसायनं

लिटरला १० मिलिग्रॅम. भुईंजपासून सांगलीपर्यंत कृष्णेच्या खोऱ्यातल्या साखर कारखान्यांना सांडपाण्यातल्या तेल आणि ग्रीससाठी ही मर्यादा आहे. प्रयोगशाळेच्या अहवालात या ओळीसमोर ४ किंवा ६ असा आकडा दिसला की कारखान्याचा केमिस्ट निश्चिंत होतो आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी पुढच्या ओळीकडे वळतो. नदीकाठच्या शेतकऱ्यापर्यंत तो अहवाल बहुधा पोचतच नाही. या ओळीवर थोडं थांबायला हवं असं मला मनापासून वाटतं. कारण पाण्यात तेल किती आहे एवढ्यावरच हा आकडा ठरत नाही. पाणी साफ करायला त्यात काय काय घातलं आणि उरलेलं तेल कोणत्या रीतीने मोजलं, या दोन्ही गोष्टी त्या आकड्यात उतरलेल्या असतात. अहवालात मात्र यांपैकी पहिलीचा उल्लेख नसतो आणि दुसरीचा असला तर एका क्रमांकापुरता असतो.

हा प्रश्न सर्वांत बारकाईने तपासला गेला तो समुद्रातल्या तेलविहिरींवर, म्हणून आधी तिकडे जाऊ. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या रिगने मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात तेल शोधलं आणि मे १९७६ मध्ये तिथलं उत्पादन सुरू झालं. मुंबई हाय म्हणतात ते हे क्षेत्र. विहिरीतून तेल एकटं येत नाही, सोबत भूगर्भातलं पाणी येतं. शिवाय खालचा दाब टिकावा म्हणून शेजारच्या विहिरींतून जे पाणी आत दाबतात, तेही काही काळाने तेलाबरोबर वर येतं. क्षेत्र जितकं जुनं, तितकं पाणी जास्त. हे पाणी वेगळं करायचं, त्यातलं तेल काढायचं आणि मग ते समुद्रात सोडायचं. त्यासाठी भारतातला नियम असा आहे की पाणी मिसळून पातळ न करता तपासलेल्या नमुन्यांपैकी ९५ टक्के नमुन्यांत तेल लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आत हवं आणि १०० च्या वर ते कधीच जाता कामा नये. युरोपच्या वायव्य किनाऱ्यांवरचे देश ऑस्पार कराराने बांधलेले आहेत, त्यांची मर्यादा महिन्याच्या सरासरीला ३०. मेक्सिकोच्या आखातात अमेरिकेने महिन्याची सरासरी २९ आणि एका दिवसाची कमाल ४२ ठरवली आहे.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवून कोण कडक, कोण सैल असं ठरवायचा मोह होतो. तसं करता येत नाही, कारण हे तिघे एकच गोष्ट मोजत नाहीत.

अमेरिकेची रीत वजनाची. नमुन्यात आम्ल घालून त्याचा सामू दोनच्या खाली आणायचा, मग हेक्झेन नावाचा द्रावक घालून जोराने हलवायचं. हेक्झेनमध्ये जे जे विरघळेल ते त्याच्यासोबत वेगळं होतं. हेक्झेन उडवून लावायचं आणि भांड्यात जे उरेल त्याचं वजन करायचं. ते वजन म्हणजे तेल. पूर्वी यासाठी फ्रिऑन वापरत. ओझोनच्या थराला ते घातक ठरल्यावर मॉन्ट्रिअल करारानंतर ते मागे पडलं आणि हेक्झेन आलं. आपल्याकडची भारतीय मानकातली रीतही याच वळणाची आहे. ती साधी आणि स्वस्त आहे, आणि तालुक्याच्या गावातल्या प्रयोगशाळेतही नीट करता येते. पण भांड्यात उरलेला पदार्थ जमिनीतून आलेलं खनिज तेल आहे, वनस्पतीचं मेण आहे की कारखान्याने ओतलेलं एखादं रसायन आहे, हे तराजूला कळत नाही. उलट तेलाचा हलका भाग हेक्झेनबरोबरच उडून जातो आणि तो कधी मोजलाच जात नाही.

दुसरी रीत अवरक्त किरणांची. कार्बन आणि हायड्रोजन यांच्यातला बंध एका ठरावीक लांबीचे किरण शोषून घेतो, त्यावरून तेल किती ते काढायचं. असा बंध साबणातही असतो, मेणातही असतो आणि बहुतेक सेंद्रिय रसायनांतही. ऑस्पार देशांनी बरीच वर्षं ही रीत वापरली आणि २००७ पासून ती सोडून वायुवर्णलेखनाची, म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफीची रीत धरली. त्यात पाण्यातून काढलेला अर्क आधी एका शोषक भुकटीतून गाळतात. ध्रुवीय पदार्थ, म्हणजे साबणासारखे पाण्याकडे ओढ असलेले, त्या भुकटीत अडकतात आणि उरलेल्या हायड्रोकार्बनांपैकी ठरावीक लांबीच्या साखळ्याच मोजल्या जातात. म्हणजे अमेरिकेचा २९ हा आकडा हेक्झेनमध्ये विरघळणाऱ्या सगळ्याचा आहे, तर युरोपचा ३० निवडक हायड्रोकार्बनांचा. तेच पाणी दोन्हीकडे पाठवलं तर दोन वेगळी उत्तरं येतील आणि आपापल्या रीतीप्रमाणे दोन्ही बरोबर असतील.

आता यात रसायनं कुठे येतात ते पाहू. समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर ती बरीच लागतात. पाइप गंजू नयेत म्हणून एक, आत क्षारांचे थर बसू नयेत म्हणून दुसरं, तेल-पाण्याचं घट्ट मिश्रण फोडायला तिसरं, पाण्यातले बारीक थेंब एकत्र आणायला चौथं. शिवाय जंतुनाशक, फेस मारणारं, हायड्रोजन सल्फाइड बांधून ठेवणारं अशी आणखी असतात. यांतलं काही तेलाबरोबर जातं, काही पाण्याबरोबर.

यांतलं गंजरोधक सगळ्यांत अडचणीचं. त्याच्या रेणूचं एक टोक धातूला चिकटतं, दुसरं टोक तेलकट असतं, आणि पाइपच्या आतून त्याचा पातळ पापुद्रा तयार होतो. हाच रेणू तेलाच्या थेंबालाही चिकटतो. थेंबाभोवती असा वेढा पडला की दोन थेंब जवळ येऊनही एक होत नाहीत. तेल बारीक थेंबांच्या रूपात पाण्यात टिकून राहतं. पाणी गरगर फिरवून तेल वेगळं करणाऱ्या हायड्रोसायक्लोनला १० मायक्रॉनच्या आतले थेंब पकडणं फार अवघड जातं, ते तसेच पुढे जातात. म्हणजे गंजरोधकाची मात्रा वाढली की पाण्यात खरोखरच जास्त तेल राहतं. शिवाय ते रसायन स्वतः हेक्झेनमध्ये थोडंफार उतरलं तर तराजूवर त्याचंही वजन तेलाच्या नावाने जमा होतं. एक परिणाम खऱ्या प्रदूषणाचा, दुसरा मापनाचा, आणि अहवालात दोन्ही एकाच आकड्यात. या विषयावरचं जे काम मला महत्त्वाचं वाटतं ते हे दोन परिणाम वेगळे काढणारं. कारण पहिला निघाला तर यंत्रणा सुधारायला हवी, दुसरा निघाला तर चाचणी सुधारायला हवी. एकाच्या जागी दुसरा उपाय केला तर पैसा जातो आणि पाणी होतं तसंच राहतं.

उलटा प्रकार थेंब एकत्र आणणाऱ्या रसायनाचा. तेलाच्या थेंबांवर साधारणपणे ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात. धन भाराचा पॉलिमर घातला की हा भार मिटतो, थेंब जुळतात, मोठे होतात आणि वर येतात. मात्रा नेमकी असेल तर काम सुरेख होतं. मात्रा जास्त झाली तर थेंबांवर आता धन भार चढतो आणि ते पुन्हा एकमेकांपासून पळू लागतात. जास्त औषध म्हणजे जास्त स्वच्छता ही समजूत इथे साफ खोटी ठरते.

पाइपमध्येच बसवलेल्या, क्षणोक्षणी आकडा देणाऱ्या यंत्रांवर रसायनांचा परिणाम सगळ्यांत जास्त होतो. काही यंत्रं पाण्यातून प्रकाश सोडतात आणि तो किती विखुरतो ते पाहतात. तेवढंच तेल बारीक थेंबांत असलं तर प्रकाश जास्त विखुरतो, मोठ्या थेंबांत असलं तर कमी. म्हणजे पॉलिमर घातल्यावर तेलाचं वजन तेच राहूनही यंत्राचा आकडा खाली येऊ शकतो. वाळूचे कण आणि हवेचे बुडबुडेही प्रकाश विखुरतात, तो भाग वेगळाच. दुसऱ्या प्रकारची यंत्रं अतिनील प्रकाश टाकतात आणि त्यावर तेल किती चमकतं ते मोजतात. चमकतात ती मुख्यतः बेंझीनसारखी वलयं असलेली संयुगं. सरळ साखळीचं तेल या यंत्राला जवळपास दिसत नाही, म्हणून त्याच क्षेत्रातल्या तेलावर यंत्र आधी जुळवून घ्यावं लागतं. काही गंजरोधकांच्या रेणूंत अशी वलयं असतात, आणि अनेक रसायनं ज्या द्रावकात मिसळून येतात त्या द्रावकातही असतात. ती पाण्यात आली की यंत्र त्यांनाच तेल समजतं. त्यातच काचेच्या खिडकीवर चिकट थर साचला की आकडा सावकाश घसरत जातो आणि पाणी सुधारत चाललं आहे असं वाटत राहतं.

जहाजांच्या बाबतीत हीच गोष्ट जगाने नियमात लिहून ठेवली. इंजिनखोलीच्या तळाशी साचणाऱ्या तेलकट पाण्याला दशलक्षात १५ भाग तेलाची मर्यादा आहे. खोली धुवायला वापरलेल्या डिटर्जंटमुळे तेल इतकं बारीक विखुरायचं की जुने विभाजक त्यापुढे हतबल व्हायचे. म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००३ मध्ये नवे निकष काढले आणि २००५ पासून बसवल्या जाणाऱ्या यंत्रांची चाचणी डिटर्जंटसारख्या द्रव्याने बनवलेल्या इमल्शनवर घेणं बंधनकारक केलं. निव्वळ तेल आणि निव्वळ पाणी घेऊन केलेली चाचणी पुरेशी नाही, हे तिथे मान्य झालं. आपल्या कारखान्यांच्या सांडपाण्याबाबत अजून तसं झालेलं नाही.

आता कृष्णेकडे येऊ. महाबळेश्वरला उगम पावून ती धोम धरणातून वाईला येते, माहुलीला वेण्णा तिला मिळते, कऱ्हाडला कोयना, ब्रह्मनाळला येरळा आणि सांगलीजवळ हरिपूरला वारणा. या खोऱ्यात भुईंज, शेंद्रे, यशवंतनगर, रेठरे, साखराळे, वाळवा, कुंडल, वांगी, सांगली अशी साखर कारखान्यांची ओळच आहे. दिवाळीच्या आसपास गाळप सुरू होतं आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतं. नदी रोडावत जाते ते नेमके हेच महिने. सांगली शहर पिण्याचं पाणी या नदीतूनच घेतं.

कारखान्यात तेल येतं मुख्यतः मिल हाऊसमधून. प्रचंड वजनाचे रूळ ज्या बेअरिंगवर फिरतात त्यांना सतत वंगण लागतं, गिअरना ग्रीस लागतं. त्यातलं काही जमिनीवर पडतं आणि धुण्याच्या पाण्याबरोबर गटारात जातं. सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या, म्हणजे ईटीपीच्या तोंडाशी तेलाचा सापळा, म्हणजे ऑइल ट्रॅप असतो. पाणी तिथे संथ होतं, तेल वर तरंगतं आणि काढून घेतात. सापळ्याचं हे साधं तत्त्व तेल तरंगण्यावर उभं आहे. मिल हाऊसची फरशी डिटर्जंटने धुतली की तेल तरंगायचं सोडून पाण्यात मिसळतं आणि सापळ्याच्या खालून निघून जातं. जहाजाच्या इंजिनखोलीत घडतं तेच इथे घडतं. एखाद्या दिवशी तेलाचा आकडा एकदम उसळला तर बेअरिंगची गळती शोधण्याआधी त्या दिवशी फरशी कशाने धुतली हे विचारलं पाहिजे.

हेक्झेनच्या भांड्यात उरणारं सगळं मिल हाऊसमधलं नसतं, आणि ऊस पट्ट्यातला हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. उसाच्या कांडीवर पांढरट पावडरीसारखा जो थर दिसतो तो मेणाचा. गाळपात हे मेण रसात येतं, रस निवळताना बहुतेक गाळाबरोबर प्रेसमडमध्ये जातं आणि थोडं धुण्याच्या पाण्यात उतरतं. हेक्झेनसारखे द्रावक वापरून प्रेसमडमधून हे मेण काढण्याचे उद्योग जगात झालेले आहेत. म्हणजे ज्या द्रावकाने मेण काढतात त्याच जातीच्या द्रावकाने आपण सांडपाण्यातलं तेल मोजतो. मेण तेलाच्या खात्यात जाणारच. समुद्रात जी अडचण रसायनांमुळे होते, तिचा एक वाटा इथे खुद्द ऊस घेऊन येतो.

रसायनांचा वाटा वेगळा. पॅनमध्ये साखर उकळताना फेस दाबायला आणि चिकटपणा कमी करायला पृष्ठक्रियाशील द्रव्यं वापरतात. मिलवर जंतू वाढून रसातली साखर वाया जाऊ नये म्हणून जंतुनाशक, रस निवळायला चुना, गंधकाचा धूर आणि पॉलिमर, इव्हॅपोरेटरच्या नळ्यांतला थर काढायला कॉस्टिक सोडा. शेजारी डिस्टिलरी असेल तर आंबवण्याच्या टाकीतला फेस मारायला टर्की रेड ऑइल वापरतात. ते एरंडेलावर सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करून बनवलेलं तेलच असतं. ईटीपीच्या हवा देणाऱ्या टाकीत फेस चढला तर तिथेही तेलाचं किंवा सिलिकोनचं फेसमारक ओततात. म्हणजे पाणी साफ करण्याच्या टाकीतच आपण तेल ओततो आणि चार तासांनी त्याच पाण्यात तेल किती ते मोजतो. फेसमारक टाकलेली तारीख आणि नमुना घेतल्याची तारीख या दोन नोंदी समोरासमोर ठेवल्याशिवाय त्या आकड्याचा अर्थ लागणार नाही.

चुन्याची गोष्ट सर्वांत रंजक आहे. वनस्पतीच्या किंवा दुधाच्या स्निग्ध पदार्थातली आम्लं चुन्याशी जुळली की त्यांचा कॅल्शियमचा साबण होतो. तो पाण्यात विरघळत नाही, साका होऊन गाळात बसतो किंवा वर तरंगतो. पाणी स्वच्छ दिसतं. पण त्यातले बारीक कण बाटलीत आले तर प्रयोगशाळेत आम्ल घालताच हा साबण फुटतो, स्निग्ध आम्ल मोकळं होतं आणि हेक्झेनमध्ये जातं. डोळ्यांना न दिसलेलं तेल अहवालात हजर होतं. यात चाचणीची चूक नाही, आम्ल घालायचं ते याचसाठी. दूधसंघांच्या सांडपाण्याचंही असंच. तिथे टाक्या कॉस्टिकने धुतात, लोण्याचा अंश साबण होऊन पाण्यात जातो आणि तेल तरंगलेलं दिसत नाही म्हणून ते नाहीच असं वाटतं. मिलच्या खनिज तेलाचा मात्र चुन्याने साबण होत नाही. ते गाळाच्या कणांना चिकटून खाली बसतं. पाण्यातला आकडा उतरतो, पण तेल गाळात गेलेलं असतं आणि तो गाळ पुढे शेतात जातो. पाण्याच्या आकड्यावर समाधान मानताना गाळात काय गेलं हे कुणी विचारत नाही, याची मला खरी काळजी वाटते.

मेण, साबण, फेसमारक आणि खनिज तेल हे वेगळे काढण्याचा मार्ग अवघड नाही. हेक्झेनचा अर्क सिलिका जेलवर टाकायचा. स्निग्ध आम्लं, साबणातून सुटलेली तेलं आणि मेणाचा मोठा भाग सिलिका जेलला धरून बसतो, खनिज हायड्रोकार्बनं पुढे निघून जातात. दोन्ही वजनं लिहिली की मिलमधून आलेलं किती आणि बाकीचं किती याचा बराचसा अंदाज येतो. सिलिकोनला आणि जीवाणूंच्या टाकीत तयार होणाऱ्या मोकळ्या गंधकाला ही चाळणी पूर्ण पुरत नाही, तेवढी सावधगिरी ठेवावी लागेल. प्रमाणित पद्धतींत ही पायरी कधीपासून आहे. तीही करून अहवालात दोन आकडे छापायला फार खर्च लागणार नाही.

नमुना घेण्याबद्दल थोडक्यात. तेलाचा नमुना काचेच्या रुंद तोंडाच्या बाटलीतच घ्यायचा, प्लास्टिकच्या डब्यात नाही, कारण तेल प्लास्टिकला धरून बसतं. बाटली आधी त्याच पाण्याने विसळायची नाही. बाटलीतलं सगळं पाणी चाचणीला घ्यायचं आणि रिकामी बाटलीही द्रावकाने धुऊन ते द्रावक अर्कात मिसळायचं. पृष्ठक्रियाशील रसायन असलेल्या पाण्यात तेल काचेलाही वेगळ्या तऱ्हेने चिकटतं, म्हणून हे नियम तिथे दुपटीने पाळावे लागतात. एका मोठ्या कॅनमधून सगळ्या चाचण्यांसाठी पाणी वाटून घेणं ही सोय तेलाच्या बाबतीत चालत नाही.

आकड्याचं वजन समजण्यासाठी एक साधा हिशेब करू. साखर उद्योगासाठी २०१६ मध्ये आलेल्या अधिसूचनेनुसार प्रक्रिया केलेलं सांडपाणी टनभर उसामागे १०० लिटरच्या आत हवं. दिवसाला ५,००० टन गाळणारा कारखाना घेतला तर ते ५ लाख लिटर होतं. लिटरला १० मिलिग्रॅम तेल म्हणजे दिवसाला ५ किलो, १२० दिवसांच्या हंगामात ६०० किलो. हे मर्यादा पाळणाऱ्या कारखान्याचं. यातला अर्धा भाग उसाचं मेण असेल तर चिंता एका प्रकारची, सगळं वंगण तेल असेल तर दुसऱ्या प्रकारची. मेण नदीतले जीवाणू खाऊन टाकतात, वंगण तेल गाळात वर्षानुवर्षं राहू शकतं. एकच आकडा या दोन्ही परिस्थिती सारख्याच दाखवतो.

यावर कुणी म्हणेल, आता तर ऑनलाइन यंत्रं बसली आहेत. फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना सांडपाण्याची अखंड मापनयंत्रं बसवायला सांगितलं. साखर आणि डिस्टिलरी त्यांत आहेत. पण साखर कारखान्यांसाठी या यंत्रांकडून मागितलं जातं ते सामू, बीओडी (जीवाणूंना लागणारा प्राणवायू), सीओडी (रासायनिक विघटनाला लागणारा प्राणवायू), तरंगते कण आणि प्रवाह. तेल त्या यादीत नाही. तेलाचा आकडा आजही अधूनमधून घेतलेल्या बाटलीवरच अवलंबून आहे.

आणि जे मोजलं जातं त्यालाही वरचीच गोष्ट लागू आहे. बीओडी-सीओडीची बरीच यंत्रं पाण्यातून अतिनील प्रकाश सोडतात, पुष्कळदा २५४ नॅनोमीटरचा, आणि किती शोषला गेला त्यावरून गणित करतात. साखर या लांबीचा प्रकाश जवळजवळ शोषतच नाही. व्हिनेगारमधलं आम्लही फारच थोडं शोषतं. म्हणजे साखर कारखान्याच्या पाण्यात ज्या दोन पदार्थांमुळे नदीतला प्राणवायू सर्वांत झपाट्याने संपतो, तेच या प्रकाशाला जवळपास अदृश्य. पाण्याचा रंग आणि सीओडी यांचं जे नातं प्रयोगशाळेत जुळवून ठेवलं असेल, त्याच्या भरवशावर यंत्र चालतं. नेहमीच्या दिवशी ते नातं टिकतं. रस सांडला, इव्हॅपोरेटर धुतला, किंवा ईटीपीत फेरिक क्षार घातला की ते तुटतं. फेरिक क्षार तर स्वतःच अतिनील प्रकाश शोषतो आणि सीओडी नसताना वाढलेला दाखवतो. उलट डिस्टिलरीच्या स्पेंट वॉशचा, म्हणजे मद्यार्क काढून उरलेल्या द्रावाचा गडद तपकिरी रंग यंत्राला भरपूर दिसतो. सीओडीच्या दृष्टीने तो लिटरला लाखभर मिलिग्रॅमच्या घरातला द्राव आहे, त्याचा थोडासा अंशही खपत नाही, आणि तो दिसतो ही त्यातल्या त्यात बरी बाब.

बीओडीत आणखी एक खोच आहे. आपल्याकडे ही चाचणी २७ अंशांवर तीन दिवस ठेवून करतात आणि ती जिवंत जीवाणूंवर चालते. पाण्यात क्लोरीनचा किंवा जंतुनाशकाचा अंश उरला असेल तर बाटलीतले जीवाणू मरतात, प्राणवायू खर्च होत नाही आणि बीओडी कमी आलेला दिसतो. क्लोरीन निष्प्रभ करून नवे जीवाणू सोडले तरच खरा आकडा मिळतो. हायड्रोजन पेरॉक्साइड उरलं असेल तर सीओडी मात्र वाढून येतो. एक रसायन एका चाचणीत पाणी चांगलं ठरवतं आणि दुसरं रसायन दुसऱ्या चाचणीत वाईट ठरवतं. यंत्राचा आलेख महिनाभर सपाट असणं ही कौतुकाची बाब नसून चौकशीची आहे असं मी मानतो.

मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ कृष्णेत मोठ्या प्रमाणावर मासे मेले. मळीमिश्रित पाणी कुणी सोडलं, हा प्रश्न अशा वेळी गावोगाव विचारला जातो. तो विचारायलाच हवा. पण मासे वर येतात तेव्हा ते पाणी पुढे निघून गेलेलं असतं आणि हातात राहतात त्या फक्त नोंदी. मंडळाचा नदीच्या पाण्याचा गुणवत्ता निर्देशांक विरघळलेला प्राणवायू, बीओडी, सामू आणि मैल्यातले जीवाणू यांवर काढला जातो. तेल त्यातही नाही. केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या यादीत महाराष्ट्रातले ५३ नदीपट्टे प्रदूषित ठरले, त्यांचा क्रमही बीओडीवरच लागला. म्हणजे कारखान्याच्या गेटच्या आत तेलाला मर्यादा आहे आणि गेटच्या बाहेर नदीत त्याच्याकडे पाहणारं नियमित असं फारसं काही नाही.

कारखान्यांच्या केमिस्टना मी दोष देत नाही. हंगामात दिवसरात्र चालणाऱ्या प्लांटमध्ये फेस चढला की आधी तो उतरवावा लागतो, त्या वेळी हेक्झेनचा विचार कुणी करत नाही. मंडळाच्या अधिकाऱ्यांकडे जिल्ह्याचा पसारा आणि मोजकी माणसं. अडचण व्यवस्थेत आहे. रसायन विकणारा त्याच्या पत्रकात मात्रा आणि साठवण लिहितो, पण हे रसायन तेलाच्या चाचणीत किती उतरतं हे लिहीत नाही. मंडळाच्या संमतीपत्रात १० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, पण हंगामात कोणती रसायनं कुठे टाकली याची नोंद नमुन्यासोबत जोडा असं लिहिलेलं नसतं. उत्तर समुद्रात रसायन वापरण्याआधी त्याच्या घटकांची आणि परिणामांची माहिती नियामकाला द्यावी लागते. तसं कागदपत्र इथे मागता येईल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, संमतीपत्रात एक अट वाढवली तरी पुरे.

आणि त्याआधीही करण्यासारखं काम आहे. सांगली, कऱ्हाड आणि साताऱ्याच्या महाविद्यालयांतल्या रसायनशास्त्र विभागांना ते सहज जमेल. परिसरातल्या कारखान्यांत वापरली जाणारी फेसमारकं, डिटर्जंट, स्केल काढणारी द्रव्यं आणि पॉलिमर यांचा एकेक नमुना घ्यायचा. प्रत्यक्ष वापरातल्या मात्रेएवढा तो नळाच्या स्वच्छ पाण्यात मिसळायचा, ज्यात तेल मुळीच नाही. त्या पाण्यावर नेहमीची तेल-ग्रीसची चाचणी करायची. भांड्यात जे वजन उरेल ते त्या रसायनाचं. मग त्याच पाण्यात मिलचं वंगण मोजून घालायचं आणि चाचणीत किती परत मिळतं ते पाहायचं. कमी मिळालं तर रसायन तेल लपवतं, जास्त मिळालं तर रसायन तेलाचं सोंग घेतं. तीच दोन पाणी अतिनील यंत्राखालीही धरायची. तेव्हा कारखान्यांत बॉयलर पेटण्याच्या आधीच्या महिन्यात हे उरकलं, तर प्रत्येक रसायनाच्या नावासमोर दोन आकडे हाती येतील, आणि पुढच्या हंगामातले अहवाल त्या आकड्यांशी ताडून वाचता येतील.